करपा आभाळातून पडत नाही, पानावरच्या ओलीतून येतो



मागच्या आठवड्यात सलग तीन दिवस सकाळी धुवारी पडली. पहिल्याच दिवशी दहा वाजेपर्यंत माझ्या मोबाईलवर कांद्याच्या पानांचे फोटो येऊन पडले. खाली सगळ्यांचा एकच प्रश्न, "भाऊ, धुवारी आली, काय मारू?" मारायची गरज आहे का, हे एकानेही विचारलं नाही. एका भावाने तर फोटोसोबत बिलही पाठवलं. दोन बुरशीनाशकं, एक कीटकनाशक, एक टॉनिक, एक स्टिकर. पाचही एकाच पंपात घालायचे. अन् फोटोतल्या पानावर करप्याचा एक ठिपका नव्हता! शेंडा तेवढा पिवळा होता. विचारलं तर कळलं की बारा दिवसांपासून पाणीच नव्हतं दिलं.

म्हणून आज थोडं कडक लिहून राहिलो. कोणाला लागलं तर लागू द्या. मीही वर्षानुवर्षे हेच केलं आहे, त्यामुळे पहिला दगड माझ्याच डोक्यावर.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कांद्याचा करपा आभाळ पाहून येत नाही, धुवारी पाहून येत नाही, अन् कॅलेंडरची तारीख पाहून तर बिलकुल येत नाही. पान सलग किती तास ओलं राहिलं आणि त्या तासांत गर्मी किती होती, या दोन गोष्टींवर तो येतो. या दोन्ही आपण मोजत नाही. आपण फक्त पंप मोजतो. "यंदा सहा फवारे झाले" असं छाती फुगवून सांगतो, पण पान किती तास ओलं होतं विचारलं तर आभाळाकडे बोट दाखवतो.

आता बुरशीचं गणित पाहा. जांभळ्या करप्याची बुरशी, अल्टरनेरिया पोरी तिचं नाव. तिचे बीजाणू जुन्या पाल्यावर, धुऱ्यावर टाकलेल्या सडक्या कांद्यावर राहतात अन् वाऱ्याने उडत येतात. कोरड्या पानावर पडले तर तसेच पडून राहतात. पानावर पाण्याचा पातळ थर मिळाला की त्यांना कोंब फुटतो. कोंब फुटून पानात शिरायला वेळ लागतो. हवा 20 ते 30 अंशांच्या मधात असली अन् पान दहा-बारा तास सलग ओलं राहिलं तर तिचं काम झालं. चार-पाच तासांत ऊन आलं, वारा सुटला, पान वाळलं, तर बहुतेक कोंब तिथंच वाळून जातात. सगळा खेळ या तासांचा आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. बुरशी शिरली की ठिपका लगेच दिसत नाही. एक ते चार दिवस लागतात. पाचव्या दिवसाच्या आसपास त्याच ठिपक्यावर नवे बीजाणू तयार होतात आणि शेजारच्या पानावर जातात. म्हणजे आज सकाळी तुम्हाला जो ठिपका दिसला तो आजच्या धुवारीचा नाही. तो तीन-चार दिवसांआधीच्या ओलीचा आहे, जेव्हा तुम्ही वावरात गेलेच नव्हते. अन् आजच्या धुवारीने काही केलंच असेल तर ते तुम्हाला पुढच्या तीन-चार दिवसांत दिसेल.

मग धुवारी उठल्यावर धावत जाऊन मॅन्कोझेब मारण्यात काय अर्थ आहे? मॅन्कोझेब हे पानाच्या वर बसणारं औषध आहे. बुरशी शिरायच्या आधी ते पानावर पाह्यजे. शिरल्यावर मारणं म्हणजे ओलंचिंब झाल्यावर छत्री उघडणं.

तिसरी गोष्ट, गर्मीची. आपल्या वणी तालुक्यात डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र असलं की रात्र 10-12 अंशांवर जाते. दव भरपूर पडते, पान सकाळी पाण्याने थबथबलेलं असते. पाहणाऱ्याला वाटते, गेला कांदा. पण तेवढ्या थंडीत जांभळ्या करप्याची बुरशी सुस्त पडलेली असते. साडेनऊला ऊन पडलं, पान वाळलं, विषय संपला. मागच्या आठवड्यातल्या तीन धुवाऱ्या अशाच होत्या. माझ्या वावरात एकही फवारा झाला नाही. आज नववा दिवस आहे. मधली पन्नास झाडं पाहिली, ठिपका नाही.

धोका येतो फेब्रुवारीच्या शेवटी अन् मार्चात. रात्र 17-18 अंशांवर चढते, अवकाळी येते, दिवसभर रिपरिप, दुसऱ्या दिवशीही ऊन नाही. पान चोवीस तास ओलं. तेव्हा आपण कुठं असतो? हरभरा काढण्यात, लग्नाच्या मांडवात. जेव्हा गरज नाही तेव्हा सहा फवारे, अन् जेव्हा खरी गरज तेव्हा पंप कोठ्यात. मग म्हणायचं, "औषधच काम करत नाही बावा."

आभाळाबद्दल एक गोष्ट ऐका, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहे. ढगाळ रात्री दव कमी पडते. निरभ्र रात्री जमिनीची गर्मी वर निघून जाते, पान थंड होते, म्हणून दव जमते. ढग असले की ते पांघरुणासारखं काम करतात, पान तेवढं थंड होत नाही. त्यात थोडा वारा असला तर सकाळी पान अक्षरशः कोरडं असते. तुम्ही हात लावून पाहाच. म्हणजे नुसतं ढगाळ, पाऊस नाही, वारा आहे, अशी हवा करप्यासाठी काही खास नाही. धोका ढगात नसून पाऊस पडून गेल्यावर ऊन न पडण्यात आहे. तरी पण मोबाईलवर संदेश काय येतो? "ढगाळ हवामान असल्यास करपा नियंत्रणासाठी फवारणी करावी." कृषीच्या साहेबांनो, माझी हात जोडून विनंती आहे, हे वाक्य बदला. या एका वाक्याने किती पंप रिकामे झाले असतील याचा विचार करा.

आता "करपा" या शब्दाचाच हिशेब करू. आपण पान वाळलं की करपा म्हणतो. पण हवा वेगळी, रोग वेगळा.

जांभळा करपा: लांबट, आत दबलेला ठिपका, मधात जांभळा, कडेला पिवळा, आत गोल गोल रेषा. उबदार हवा अन् लांबलेली ओल.

तपकिरी करपा, म्हणजे स्टेम्फिलियम: आधी पिवळसर-फिके छोटे डाग, मग ते तपकिरी होऊन एकमेकांत मिसळतात अन् पान शेंड्याकडून वाळत येते. हा जांभळ्यापेक्षा थोड्या थंड हवेतही चालतो. रब्बीत अवकाळीच्या मागे हाच जास्त येतो. ओल जितकी लांबेल तितका हा वाढतो.

काळा करपा अन् पीळ, म्हणजे कोलेटोट्रिकम: हा पावसाळी कांद्याचा रोग. मान लांबते, पान पीळ दिल्यासारखं वळते. ऑगस्ट-सप्टेंबरची झड, साचलेलं पाणी, 25 ते 30 अंश गर्मी. हा पावसाच्या थेंबाने उडून पसरतो. नगर-नाशिककडे खरिपात याने लोकांना रडवलं आहे. आपल्याकडे खरिपात कांदा लावायचा तर गादीवाफा अन् पाण्याचा निचरा पाह्यजेच. सपाट वाफ्यात काळ्या जमिनीत खरीप कांदा लावून मग पीळ आला म्हणून रडायचं नाही.

बुडकूज, म्हणजे फ्युजारियम: ही जमिनीतली बुरशी. पान पिवळं पडते, झाड उपटलं की मुळं गुलाबी-तपकिरी, बुडाशी पांढरी बुरशी. जमीन 28-30 अंश तापली की जोर धरते. पानावर काहीही मारा, हिला फरक पडत नाही. फेरपालट अन् निरोगी रोप हाच उपाय. तरी आपले लोक पान पिवळं पाहून करप्याचं औषध मारून राहिले.

अन् फुलकिडे. हे तर करप्याच्या उलट हवेत वाढतात, कोरड्या अन् गरम. पानावर चांदीसारखे पांढरट चट्टे. पण यांचं अन् करप्याचं साटंलोटं आहे. फुलकिडे पान खरवडतात, वरचं मेण जाते, जखम होते. मग कोरड्या फेब्रुवारीनंतर एक अवकाळी पाऊस आला की त्या जखमेतून बुरशी सरळ आत. गारांचंही तसंच. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट विदर्भ-मराठवाड्यात कोण विसरलं? गारेने फाटलेलं पान म्हणजे बुरशीला उघडं दार. म्हणून कोरड्या दिवसांत फुलकिडे मोजा. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाने मर्यादा दिलेली आहे, झाडामागे सरासरी 30 फुलकिडे. पाच दिसले की औषध, असं नाही.

आता या पाचही गोष्टींना एकच कॅलेंडर कसं लागू पडेल? तीस दिवसांनी हे, पंचेचाळीसला ते, साठाला ते. हे कॅलेंडर बहुतेक वेळा नाशिककडून येते. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, आपण दोन-अडीचशेच्या घरात. तिकडची रात्र वेगळी, तिकडचा मार्च वेगळा, लागवडीची वेळ वेगळी. एप्रिलात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकते, पान दोन तास ओलं राहत नाही. तरी साठ दिवसांचा फवारा आला म्हणून मारायचा? नाशिकच्या कास्तकाराबद्दल मला आदर आहे, कांदा तोच शिकवणार. पण त्याच्या वावरातली ओल माझ्या वावरात मोजता येत नाही.

राजूर म्हटलं की लोकांना कोळसा आठवतो, चुना आठवतो. कांदा नाही आठवत. आपण कापूस, सोयाबीन, तुरीचे लोक. विहिरीच्या भरवशावर अर्धा एकर, एक एकर कांदा लावणारे. म्हणून आपल्याला कोणीही काहीही सांगते. मागे एक जण म्हणे, "कॉलरीची धूळ बसते म्हणून कांदा करपते." धूळ बसते, खरं आहे. धुळीने पानाचं भलं होत नाही, तेही खरं. पण धूळ काही जांभळे, गोल रेषांचे ठिपके पाडत नाही अन् एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जात नाही. धुळीचं भांडण वेगळं आहे, ते जरूर भांडू. पण करप्याचं खापर तिच्यावर फोडून आपली चूक लपवू नका.

आपली चूक कोणती, ते आता सांगतो. माझीच सांगतो.

मागच्या रब्बीत माझा दीड एकर कांदा होता. स्प्रिंकलरवर. लाईन आठवड्यात काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत मी संध्याकाळी आठला मोटर चालू करून झोपायला जात होतो. पूर्वेकडच्या पाऊण एकराला रात्रीचं पाणी, पश्चिमेकडच्या पाऊण एकराला दिवसाच्या पाळीचं. काही प्रयोग म्हणून नाही, पाइपाची सोय तशी होती म्हणून. रोप एकच, लागवड एकाच हप्त्यात, खत तेच, फवारे तेच. फेब्रुवारीच्या शेवटी पूर्वेकडे करपा सुरू झाला. पश्चिमेकडे तुरळक ठिपके. मधात फक्त दांड होता.

मी डोकं खाजवत बसलो. मग हिशेब केला. दव साधारण रात्री अकरापासून सकाळी साडेआठपर्यंत, म्हणजे साडेनऊ तास. पश्चिमेकडच्या पानाला एवढीच ओल. पूर्वेकडे पान संध्याकाळी आठलाच ओलं झालं, म्हणजे त्यात तीन तास वाढले. साडेबारा तास झाले! बुरशीला जेवढे तास पाह्यजे होते ते मीच माझ्या हाताने मोजून दिले. अन् वरून फवाऱ्यातलं मॅन्कोझेब स्प्रिंकलरने धुऊन काढलं, ते वेगळंच.

ही काही विद्यापीठाची चाचणी नाही, एका वावराची गोष्ट आहे. पण बुरशीच्या गणिताशी ती जुळते. तेव्हापासून मी नियम केला. स्प्रिंकलर चालवायचा तर सकाळी दव वाळत आलं की, म्हणजे नऊ-दहाला, अन् दुपारपर्यंत बंद. पान दोन-तीन तासांत वाळते. फुलकिडेही धुऊन निघतात, हा स्प्रिंकलरचा फायदा खरा आहे. रात्रीची लाईन असली अन् इलाजच नसला तर संध्याकाळी नाही, रात्री एकनंतर. तेव्हा पान दवाने ओलंच असते, त्यात पाणी पडल्याने तास फारसे वाढत नाहीत. फक्त पहाटे वेळेत बंद करा, सकाळी आठ-नऊपर्यंत चालू ठेवाल तर तास पुन्हा वाढतील. ज्याला जमेल त्याने ठिबक करावं, पानाला पाणीच लागत नाही.

म्हणून मी म्हणतो, दिवसाची लाईन ही फक्त साप-विंचवापासून वाचायची गोष्ट नाही. ती करप्याचीही गोष्ट आहे. 2017 पासून सौर कृषी वाहिनी योजनेत दिवसा वीज देण्याचं बोललं जाते. ज्या फीडरवर ती अजून पोचली नाही तिथला भाजीपाला अन् कांदावाला रात्री पाणी देऊन स्वतःच्या पिकाला रोग लावून राहिला. हे कृषीच्या लोकांनी लिहून वर कळवायला पाह्यजे. आम्ही बोललो तर ती कुरकुर होते, तुम्ही लिहिलं तर तो अहवाल होतो.

आता कोणी म्हणेल, "भाऊ, एक फवारा जास्त झाला तर काय बिघडते? पीक वाचलं पाह्यजे." मला याच वाक्याचा राग आहे. काय बिघडते ते सांगतो.

एक, पैसा. गरज नसलेला एक फवारा म्हणजे औषध अन् मजुरी मिळून दीड-दोन हजार एकरी. असे तीन झाले की कांद्याचे किती कट्टे गेले, तुम्हीच मोजा. अन् भाव तर तुम्हाला ठाऊकच आहे.

दोन, औषधाची धार जाते. एकाच गटाचं औषध दरवेळी मारलं की त्याला न मरणारी बुरशी तेवढी उरते अन् तीच वाढते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात कांद्याच्या स्टेम्फिलियमने काही आंतरप्रवाही गटांना दाद देणं बंद केलं. तिथं प्रयोगशाळा आहे म्हणून त्यांना कळलं. आपल्याला कळते तेव्हा आपण फक्त बाटली बदलतो. नाव वेगळं, गट तोच.

तीन, पानाचं मेण. कांद्याच्या पानावर मेणाचा थर असतो, तो त्याचं चिलखत आहे. पान गोल अन् मेणचट, औषध घसरते, म्हणून स्टिकर लागतो हे खरं. पण लेबलवर लिहिल्याएवढाच. बुडाखालून दुप्पट स्टिकर, तेलाची औषधं, वरून टॉनिक, असं मारून आपणच चिलखत उतरवतो. अन् साठ दिवसांच्या पुढे युरिया टाकून पाला हिरवागार करतो. तो दाट पाला सकाळी उशिरा वाळते. झाले तास जास्त!

चार, अन् हे सगळ्यात मोठं. हा यवतमाळ जिल्हा आहे. 2017 चा पावसाळा आठवा. पऱ्हाटीवर फवारताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले. पऱ्हाटी डोक्यावर गेलेली, हवा दमट, वारा बंद, तोंडाला फडकं, अन् पंपात दोन-तीन औषधांची खिचडी. पूर्ण देशात आपल्या जिल्ह्याचं नाव झालं, कशासाठी, तर यासाठी. त्यातून आपण काय शिकलो? कांद्याच्या बिलावर आजही पाच वस्तू एका पंपात.

चार वर्षांआधी माझ्याच वावरात, अशाच एका ढगाळ सकाळी, मी दोन बुरशीनाशकं अन् एक कीटकनाशक मिसळून दिलं. फवारणारा पोरगा दुसऱ्या पंपाला भोवळ येऊन धुऱ्यावर बसला. ओकारी झाली. गाडीवर मधात बसवून वणीला नेला. संध्याकाळपर्यंत बरा झाला, देवाची कृपा. त्याची माय दवाखान्याच्या पायरीवर बसून होती. मले म्हणे, "दादा, एवढं काय लागलं होतं कांद्याले?" काय सांगू? कांद्याला काहीच लागलं नव्हतं. आभाळ आलं होतं एवढंच. तो पाऊस पडलाच नाही, पान ओलं झालंच नाही. ज्या फवाऱ्याची गरज नव्हती त्याच्यासाठी ते पोरगं जीवावर बेतून घेत होतं. तेव्हापासून माझ्या पंपात मिसळ नाही. अन् तेव्हापासूनच मी वही ठेवायला लागलो.

वहीत काय लिहितो ते सांगतो, काही अवघड नाही.

रात्री जेवण झाल्यावर टॉर्च घेऊन एक चक्कर. सकाळी सात, आठ, नऊ, दहाला पांढरा रुमाल घेऊन पान पुसायचं. वावराच्या मधात, खालच्या पानाचं. धुऱ्यावरचं पान आधी वाळते, ते फसवते. रुमाल ओला म्हणजे पान ओलं. ओलं कधी झालं, कोरडं कधी झालं, किती तास, हे लिहायचं. सावलीत टांगलेल्या साध्या थर्मामीटरवर पहाटेची गर्मी लिहायची. पाऊस किंवा स्प्रिंकलर असला तर तो लिहायचा. बस, चार खाने.

त्यावरून माझा ठोकताळा असा. आठ तासांच्या आत ओल, काही करायचं नाही. दहा-बारा तास ओल पण पहाट 14-15 च्या खाली, तर फक्त पाहणी. दहा-बारा तासांच्या वर ओल, रात्र 18 च्या आसपास किंवा वर, अन् असे दोन दिवस सलग, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मधली पन्नास झाडं बसून पाहायची. ठिपके दिसले तर टेब्युकोनॅझोल किंवा डायफेनकोनॅझोलसारखं एकच आंतरप्रवाही, लेबलवर कांदा लिहिलेला असला तरच, लेबलच्या मात्रेनं. पुढच्या वेळी गट बदलायचा. अन् दोन-तीन दिवसांत पाऊस सांगितला असेल, कांदा चाळीस ते ऐंशी दिवसांचा असेल, तर पाऊस यायच्या आधी, पान कोरडं असताना मॅन्कोझेब, लिटरला अडीच ग्रॅम. एकटं. हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी अन् शुक्रवारी येतो, तो यासाठी वाचायचा.

हे माझं नवीन डोकं नाही. अमेरिका-कॅनडात टोमॅटोच्या करप्यासाठी 'टॉमकास्ट' म्हणून हिशेब चालतो. तो करपा करणारीही अल्टरनेरियाच, आपल्या बुरशीची बहीण. पान किती तास ओलं अन् तेव्हा गर्मी किती, यावरून रोज 0 ते 4 गुण. बेरीज 15 ते 20 च्या घरात गेली की फवारा, नाहीतर नाही. इतकं दूर कायले जायचं? आपल्या नाशिक-सांगलीचे द्राक्षवाले पानाची ओल मोजणारं यंत्र बागेत लावतात. द्राक्षाला जे कळलं ते कांद्याला काहून नको?

म्हणून माझ्या मागण्या सरळ आहेत.

कृषी विभाग अन् विद्यापीठाच्या साहेबांनो, आपल्याकडे महसूल मंडळात स्वयंचलित हवामान केंद्रं उभी आहेत. तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस कळतो. त्यात पानाच्या ओलीचे तास जोडा अन् ते आम्हाला संदेशात द्या. "ढगाळ हवामान" नको, "तुमच्या मंडळात काल पान 13 तास ओलं होतं, किमान 18" असं द्या. आम्ही दहावी पास असलो तरी बेरीज येते.

दुकानदार भावांनो, तुमच्यावर राग नाही, तुमचंही पोट आहे. पण बिलावर औषधाच्या नावासमोर रोगाचं नाव लिहा. कोणत्या रोगासाठी दिलं ते. अन् एका पंपात पाच वस्तू देऊ नका.

अन् कास्तकार भावांनो, तुमच्याकडून एवढंच. फोटो पाठवा, जरूर पाठवा. पण फोटोखाली "काय मारू" लिहायच्या आधी दोन आकडे लिहा. काल रात्री पान किती वाजता ओलं झालं, आज किती वाजता वाळलं. हे आकडे नसले तर मी उत्तर देणार नाही, कारण त्याशिवाय दिलेलं उत्तर म्हणजे नुसता अंदाज, अन् अंदाजावर कोणाच्या तरी पोराच्या पाठीवर पंप चढते.

आज सकाळचा माझा हिशेब: ओलं रात्री साडेदहाला, कोरडं सकाळी पावणेनऊला, सव्वादहा तास. पहाटे 11 अंश. फवारा नाही.

तुमचा लिहा.